सूड कुणावर उगवायचा

जपानी भयकथांमध्ये एक गाव सारखं भेटतं. चारी बाजूंनी डोंगर, वर्षातले पाच महिने बर्फ, आत शिरायला एकच वाट आणि दरड कोसळली की तीही बंद. घरं पंचवीस-तीस, आडनावं दोन. फार पूर्वीच्या कुठल्याशा उपाशी हिवाळ्यात या दोन घराण्यांमध्ये काहीतरी घडलेलं असतं. कुणीतरी कुणाला तरी मारून खाल्लेलं असतं. मग शंभर-दोनशे वर्षांनी शहरातला एखादा पाहुणा तिथे मुक्कामाला येतो आणि जुनं देणं-घेणं पुन्हा सुरू होतं.

मला या गोष्टी आवडतात. रात्री जागून वाचते, आणि वाचून झालं की जरा खटकतंही. कुणाच्या तरी पोटातली आग, आणि आपण तिच्यावर करमणूक करून घेतोय. त्या खटकण्यातूनच खऱ्या गावांबद्दल, खऱ्या दुष्काळांबद्दल मिळेल ते वाचत गेले. तिथे जे हाती लागलं ते गोष्टीपेक्षा कमी रंगतदार आहे आणि जास्त वाईट.

नीगाता आणि नागानो या प्रांतांच्या सीमेवर, नाकात्सु नदीच्या घळीत आकियामागो म्हणून वाड्यावस्त्यांचा पुंजका आहे. बर्फ म्हणजे किती, तर याच भागातल्या मोरिमियानोहारा रेल्वे स्टेशनात १९४५ च्या फेब्रुवारीत ७ मीटर ८५ सेंटिमीटर बर्फ साचल्याची नोंद आहे. आपण पराभूत हेइके घराण्याचे वंशज, असं इथले लोक परंपरेने सांगत आले. ११८५ मध्ये दान्नोउराच्या समुद्री लढाईत गेन्जी घराण्याने हेइकेंचा निकाल लावला आणि उरलेसुरले लोक जीव वाचवायला डोंगरांत पांगले, ही ती कथा. जपानभर कित्येक दुर्गम खोरी हीच कथा सांगतात. सगळ्यांचीच खरी असणं शक्य नाही, पण तिच्यातून एक उत्तर मिळतं. इतक्या आडबाजूला, जिथे भातही धड पिकत नाही तिथे माणसं राहायला का गेली? तर कुणाच्या तरी सुडापासून लपायला.

लपायला आलेल्यांना गावकरी दरवेळी आसरा देत असत असंही नाही. हरलेल्या सरदाराचं चिलखत, तलवार, आणि डोकं नेऊन दिलं तर मिळणारं बक्षीस, यासाठी पळपुट्या योद्ध्यांची शिकार करणं हा यादवीच्या काळातला शेतकऱ्यांचा जोडधंदा होता. आपल्या धन्यावर, नोबुनागावर, उलटलेला आकेची मित्सुहिदे १५८२ मध्ये लढाई हरून पळताना गावकऱ्यांच्याच हातून मेला, असं इतिहास सांगतो. अशा मेलेल्यांचा तळतळाट गावाला भोवतो म्हणून त्यांची देवळं बांधायची, वर्षाला नैवेद्य दाखवायचा. भयकथांमधला घराण्यांचा सूड बराचसा या देवळांमधून आलेला आहे.

आकियामागोला १८२८ मध्ये एक मनुष्य मुद्दाम गेला. सुझुकी बोकुशी. शिओझावा गावचा कापडाचा व्यापारी, लिहिण्याची हौस असलेला, बर्फाळ प्रदेशातल्या जगण्यावर पुढे नावाजलेलं पुस्तक लिहिणारा. त्याला तिथे राक्षस भेटले नाहीत. देवीच्या रोगाला कमालीची घाबरणारी, बाहेरच्याला बिचकणारी, डोंगर जाळून राळा-नाचणीसारखं भरड धान्य पेरणारी आणि तोचीची फळं खाणारी माणसं भेटली. तोची हा डोंगरातला मोठा वृक्ष. त्याचं फळ दिसायला गुळगुळीत, खायला कडूजहर. सोलून, वाहत्या पाण्यात दिवसच्या दिवस ठेवून, राखेच्या पाण्यातून काढलं की मगच पोटात घालता येतं. एवढ्या खटाटोपानंतर जे मिळतं ते या लोकांचं रोजचं जेवण होतं.

तिथल्या ओआकियामा नावाच्या वाडीत आठ घरं होती. १७८३ च्या दुष्काळात आठही घरं संपली. बोकुशी ज्या अमाझाके वाडीत थांबला, तिथल्या बाईशी बोलला, ती वाडीदेखील त्याच्या भेटीनंतर थोड्याच वर्षांत, तेनपो काळातल्या, म्हणजे १८३० च्या दशकातल्या दुष्काळात, नाहीशी झाली. कुणी कुणाला खाल्लं नाही, कुणी शाप दिला नाही. चुली विझत गेल्या आणि वर बर्फ पडला. उपासमारीच्या बहुतेक गोष्टी अशाच असतात, त्यामुळे त्या कुणी सांगत नाही.

जिथे माणसाने माणूस खाल्ल्याच्या नोंदी आहेत ती गावं आणखी उत्तरेला, होन्शु बेटाच्या वरच्या टोकाला आहेत. त्सुगारू आणि नाम्बु ही तिथली दोन संस्थानी घराणी. उन्हाळ्यात ईशान्येकडून, थंड समुद्रावरून, तिथे एक वारा येतो. त्याला यामासे म्हणतात. धुकं आणि झिमझिम घेऊन तो आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकतो. ऐन फुलोऱ्याच्या वेळी भाताला अशी थंडी बाधली की लोंबी भरतच नाही. कापणीला जावं तर हातात पळिंजं. भात हे मुळात उष्ण हवेचं पीक, त्याला एवढ्या वर कुणी नेलं? तर कराने. संस्थानाची ऐपत तांदळात मोजली जायची, सारा तांदळात घेतला जायचा आणि तो तांदूळ ओसाका आणि एदो, म्हणजे आजचं टोकियो, इथल्या बाजारात विकून दरबाराचा खर्च चालायचा. म्हणून जिथे राळं-बार्टी सुखाने पिकली असती तिथे माणसं थंड वाऱ्याशी झुंजत भात लावत होती.

१७८२ सालीच पीक कमी आलं होतं आणि बाजारात भाव चढले होते. त्सुगारूंचं हिरोसाकी संस्थान सावकारांच्या कर्जात बुडालेलं. चढा भाव बघून त्यांनी कोठारातला तांदूळ जहाजांत भरून धाडला. १७८३ च्या उन्हाळ्यात यामासे हलेना, तेव्हा आओमोरी बंदरातले लोक चिडून उठले, तांदूळ बाहेर नेऊ नका म्हणून व्यापाऱ्यांची घरं फोडली. उशीर झाला होता. त्याच वर्षी इवाकी आणि आसामा हे दोन ज्वालामुखीही जागे झाले. शेजारच्या संस्थानांनी आपापल्या सीमा बंद केल्या, धान्याचा दाणा बाहेर जाऊ देईनात. हिरोसाकीत मेलेल्यांचा आकडा ऐंशी हजारांच्या वर सांगितला जातो. नाम्बु घराण्याच्या धाकट्या पातीचं हाचिनोहे संस्थान लहान, लोकवस्ती पासष्ट हजारांच्या आसपास. त्यातले तीस हजार गेले.

हे सगळ्यांच्याच वाट्याला आलं असंही नाही. थोडं दक्षिणेला शिराकावा नावाचं संस्थान होतं. १७८३ मध्येच तिथे मात्सुदाइरा सादानोबु हा पंचविशीचा तरुण गादीवर आला. त्याने बाहेरून तांदूळ विकत आणून वाटला, आणि त्याच्या हद्दीत भुकेने कुणी मेलं नाही असं सांगतात. दरबारी स्तुतीचा वाटा वजा केला तरी फरक उरतोच.

दोन वर्षांनी, १७८५ मध्ये, सुगाए मासुमी नावाचा भटक्या त्सुगारूतल्या एका पाऊलवाटेने चालला होता. हा मूळचा दक्षिणेकडच्या मिकावाचा. १७८३ मध्ये घर सोडून निघाला तो बघत, चित्रं काढत, टिपणं करत हिंडत राहिला. गवतात पांढरं काहीतरी विखुरलेलं त्याला दिसलं. वितळायचा राहून गेलेला बर्फच जणू. जवळ गेल्यावर कळलं, हाडं होती. कवट्यांच्या खोबणींतून रानफुलं वर आलेली. तो थबकून बघत असताना मागून आलेला एक गावकरी बोलू लागला. हे सगळे भुकेने मेलेले. आधी यांच्यावरून चालावं लागायचं, आता तरी वाट मोकळी झाली. आम्ही घोडे मारून खाल्ले, कुत्री-कोंबड्या खाल्ल्या. ते संपलं तेव्हा मरायला टेकलेल्या माणसांना, पोटच्या पोरांना, भावंडांना मारून खाणारेही होते. त्यांचे डोळे लांडग्यासारखे चमकायचे. सरकारने त्यांना धरून मारलं. आणि यंदाचंही पीक काही खरं दिसत नाही.

मला या सगळ्यात शेवटचं वाक्य जास्त लागतं. बोलणारा माणूस हे भूतकाळातलं अघटित म्हणून सांगत नाहीये. तो शेतकरी आहे, त्याची नजर शिवारावर आहे.

मासुमी तिथून पुढे एझोला, म्हणजे आजच्या होक्काइदोला, जाणार होता. वाटेत पळून जाणाऱ्या उपाशी लोकांचे तांडे भेटत राहिले आणि तो मागे वळला. समुद्र ओलांडायला त्याला १७८८ उजाडलं.

याच दुष्काळाबद्दल एदोतल्या एका मोठ्या माणसानेही लिहिलंय. सुगिता गेनपाकु, डच ग्रंथावरून शरीरशास्त्राचं पुस्तक जपानीत आणणारा वैद्य. त्याच्या लिखाणात कवटी भाजून आतला मेंदू काढून खाणारे आहेत, माणसाचं मांस कुत्र्याचं म्हणून विकणारे आहेत. तो उत्तरेला गेला नव्हता, ऐकलेलं लिहीत होता. जो तिथे गेला त्याच्या टिपणात हाडं, फुलं आणि पिकाची काळजी. जो शेकडो मैलांवर बसला होता त्याच्याकडे सगळा थरार. त्यावरून नरमांसभक्षण घडलंच नाही असं म्हणायचा मोह मला होत नाही. घडलं असणार. पण त्याच्या कथा अंतर वाढेल तशा रंगत गेल्या, आणि मी रात्री जागून वाचते त्या गोष्टी या वाढलेल्या अंतराच्या अगदी टोकाला आहेत.

स्थानिकांनी काय केलं, ते हाचिनोहेच्या ताइसेन-इन या मठात दिसतं. तिथे भुकेने मेलेल्यांच्या आत्म्यांसाठी १७८५ मध्ये उभा केलेला दगड आहे. त्यावर हवामान, पाऊस, वारा, मेलेल्यांचे आकडे, सगळं तपशिलाने कोरलंय. पुढच्या पिढ्यांनी धान्य साठवून ठेवावं असंही बजावलंय. आणि मधला थोडा मजकूर कुणीतरी छिन्नीने काढून टाकलाय. तिथे माणसं खाल्ल्याचा उल्लेख असावा असं मानतात. आधी कुणाला तरी ते लिहिणं गरजेचं वाटलं, मग कुणाला तरी ते वाचवेना. कदाचित त्या ओळींमधल्यांची नातवंडं त्याच गावात नांदत असतील.

हे जपानचंच खास, असं समजायचं कारण नाही. १६३० ते ३२ च्या दख्खनच्या दुष्काळात, ज्यात तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा गेला, माणसं माणसांना खाऊ लागली आणि मेलेल्यांची हाडं दळून पिठात मिसळून विकली गेली, असं शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहून गेलाय. तोही दरबारातूनच लिहीत होता, हे आलंच. माझी आजी बहात्तरच्या दुष्काळाचं खूप सांगायची. खडी फोडायला जाणं, सुकडी, तांबड्या मिलोच्या भाकरी. पण गावातल्या एका घराचा विषय निघाला की पदर तोंडाला लावून गप्प व्हायची. तिथे काय झालं होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता सूड. उपाशी माणसाला राग येतो, तो जातो कुठे? पहिल्यांदा जातो तो शेजारी. त्या वर्षांत उत्तरेकडच्या गावांत धान्यचोराला गवताच्या पोत्यात घालून नदीत सोडून देत, अशा नोंदी आहेत. चोर बाहेरचा नसायचा. कालपर्यंत आवणीला ज्याच्या बांधावर आपण गेलो तो, किंवा त्याचं पोर. एरवीच्या काळात गाव एखाद्या घराला वाळीत टाकायचं, तरी आग लागली किंवा मर्तिक झालं तर मदतीला जायचं, तेवढं राखलेलं असायचं. उपासमारीत तेवढंही उरलं नाही.

पण मुळात धान्य गेलं कुठे, याचा हिशोब मांडणारा एक माणूस त्याच हाचिनोहेत, या दुष्काळाच्या आधी एक पिढी, राहून गेला होता. आंदो शोएकी, गावातला वैद्य. त्याने १७४९ चा रानडुकरांचा दुष्काळ जवळून पाहिला. ही हकीकत मला विलक्षण वाटते. एदो शहर वाढलं, तिथे सोया सॉस आणि मिसोची मागणी वाढली. डोंगरातल्या लोकांना सोयाबीन पिकवायला लावलं. त्यांनी उतार जाळून शेतं काढली. तीन-चार वर्षांत जमीन दमली की ती सोडून पुढचा उतार जाळायचा. सोडलेल्या जमिनीवर नेचे आणि वेल माजले, त्यांचे पिठूळ कंद रानडुकरांना फार प्रिय. डुकरं बेसुमार वाढली आणि उभ्या पिकांवर उतरली. एरवी दुष्काळात डोंगरातली माणसं तेच कंद खणून, कुटून, पाण्यात निवळून सत्त्व काढून जगायची. या वेळी डुकरांनी ते आधीच उकरले होते. हजारो माणसं मेली. शहरातल्या जेवणाच्या चवीपायी डोंगरात माणसं मेली, आणि मारेकरी ठरली डुकरं.

शोएकीने लिहिलं की जे स्वतः नांगर धरत नाहीत आणि दुसऱ्याचं पिकवलेलं गिळतात ते राजे, सरदार, पंडित, सगळे चोर. नरमांसभक्षणाचा आरोप कुणावर ठेवायचा ते त्याने असं आधीच ठरवून टाकलं होतं. हे लिखाण अर्थात दडूनच राहिलं, १८९९ च्या सुमारास एका अभ्यासकाच्या हाती लागेपर्यंत. म्हातारपणी तो ओदातेजवळ आपल्या मूळ गावी परतला आणि १७६२ मध्ये वारला. गावकऱ्यांनी त्याला शेतकऱ्यांचा रक्षक देव मानून दगड उभारला. स्थानिक मठाने तक्रार केली, दगड फोडायला लावला. त्या मुलखात दगडांचं नशीबच तसं दिसतं.

त्याच ओदातेजवळच्या यातातेच्या घाटात, १८२१ मध्ये, अखेर घराण्याचा सूड अवतरला. अगदी गोष्टीतल्यासारखा. नाम्बु आणि त्सुगारू यांचं वैर अडीचशे वर्षांचं. त्सुगारूंचा मूळपुरुष तामेनोबु हा नाम्बुंच्याच ताब्यातला. तो फुटला, त्यांचा मुलूख बळकावून बसला आणि १५९० मध्ये जपान एका सत्तेखाली आणणाऱ्या हिदेयोशीने त्याला मान्यताही दिली. पुढे सीमेवरच्या जंगलावरून तंटा झाला, १७१४ मध्ये निकाल त्सुगारूंच्या बाजूने गेला. आणि १८२० नंतर त्सुगारूंच्या प्रमुखाला दरबारात जी पायरी मिळाली तिच्यापुढे नाम्बुंचा नवा पोरसवदा वारस खाली पडला. हे नाम्बुंच्या सोमा दाइसाकु नावाच्या सामुराईला सोसेना. एदोहून परतणाऱ्या त्सुगारू प्रमुखाला गाठायला तो घाटात दबा धरून बसला. फितुरी झाली, प्रमुख दुसऱ्या वाटेने निघून गेला. दाइसाकुला पुढे एदोत पकडून १८२२ मध्ये त्याचा शिरच्छेद केला. एदोतल्या कथेकऱ्यांनी मात्र त्याला डोक्यावर घेतलं.

दोन्ही बाजूंच्या जमिनीत चाळीस वर्षांपूर्वी गाडलेली लाखभर माणसं होती. त्यांच्यासाठी कुठल्याही घाटात कुणी दबा धरून बसलं नाही. बैठकीत कोण वर आणि कोण खाली, एवढ्यासाठी मात्र एक तरुण जिवावर उदार झाला, आणि लोकांना तेच भावलं. मी दाइसाकुला मूर्ख म्हणणार नाही. त्याला शिकवलेला सूड हाच होता. पण भुकेने मेलेल्यांना घराणं नसतं, आणि घराणं नसेल तर सुडाला वारस कुठून येणार?

घराण्यांचीच गोष्ट निघाली म्हणून कान्बारा सांगायला हवं. आसामाच्या उतारावरचं डोंगरी गाव. १७८३ च्या ऑगस्टमध्ये ज्वालामुखीच्या लोटाने गाव गाडलं, ४७७ माणसं गेली. उंचावरच्या कान्नोनच्या, म्हणजे करुणेच्या देवीच्या, देवळाकडे धावलेली आणि त्या वेळी गावाबाहेर असलेली मिळून ९३ वाचली. देवळाच्या पायऱ्या आज पंधराच वर दिसतात. १९७९ मध्ये खणलं तेव्हा खालच्या पायऱ्यांवर दोन बायकांचे सांगाडे मिळाले, तरुण बाईच्या पाठीवर वयस्क बाई. म्हाताऱ्यांना डोंगरात सोडून येण्याच्या आख्यायिका याच देशाच्या, म्हणून हे लक्षात राहतं. पण मला त्या ९३ जणांचं जास्त वाटतं. आसपासच्या गावांतल्या धनिकांनी त्यांना अन्न दिलं, खोपटी बांधून दिली आणि सांगितलं की आता तुम्ही सगळे एकाच रक्ताचे. कोण मोठ्या घरचा, कोण कुळ, हे संपलं. नवरा गेलेली बाई आणि बायको गेलेला बाप्या यांची लग्नं लावली, पोरकी पोरं त्यांच्या ओटीत घातली, जमीन सारखी वाटली. पाहणीला आलेल्या नेगिशी यासुमोरी या सरकारी अधिकाऱ्याने हे कौतुकाने लिहून ठेवलंय. त्या लग्नांमध्ये रात्री काय बोलणं होत असेल, याची मला कल्पना करता येत नाही.

नाम्बुंच्या शेतकऱ्यांनी अखेर राग जिथे पोचवायचा तिथे पोचवला, तो १८५३ मध्ये. करांनी पिळून निघालेले किनाऱ्यावरचे आठ हजारांवर लोक सीमा ओलांडून शेजारच्या सेन्दाई संस्थानात गेले आणि म्हणाले, आमचा राजा बदला, नाहीतर आम्हालाच तुमच्यात घ्या. बहुतेक मागण्या मान्य झाल्या. यावर भयकथा होत नाही.

यामासे अजून येतो. १९९३ च्या उन्हाळ्यात तो असाच ठाण मांडून बसला. देशाचं भाताचं पीक सरासरीच्या ७४ टक्क्यांवर आलं, आओमोरीत २८ टक्क्यांवर. जपानने परदेशातून पंचवीस लाख टनांच्या वर तांदूळ आणला. भुकेने कुणी मेलं नाही; थाई तांदळाला वास येतो म्हणून मात्र लोक कुरकुरले. पूर्वीच्या नाम्बुंच्या मुलखात, आजच्या इवातेत, थंडी सोसणाऱ्या भाताचं नवं वाण तयार होतं पण बियाणं पुरेसं नव्हतं. ते त्यांनी दोन हजार किलोमीटरवर, ओकिनावातल्या इशिगाकी बेटावर पाठवलं. तिथल्या शेतकऱ्यांनी ते हिवाळ्यात पेरलं, वाढवलं, आणि मे महिन्यात इवातेच्या लावणीला परत पोचतं केलं.